बिनमिठाचे दिवस

कोणाच्या घरी माणूस गेलं असं कानावर आलं की माझी आई चप्पल शोधत नाही, गंज, म्हणजे मोठं पातेलं, शोधते. आमच्या पवनीत मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारची बाई वरण-भात करून नेते आणि रडणाऱ्याच्या तोंडात पहिला घास आपल्या हातानं घालते. तो नको म्हणाला तरी घालायचा. या कामात आई इतकी पटाईत की तिच्यापुढं उपाशी बसायची कोणाची बिशाद नाही.

म्हणून नेपाळात भूकंप झाला आणि आमच्या विहारातल्या मंडळींनी तांदळाची पोती घेऊन जायचं ठरवलं, तेव्हा लग्नांचा स्वयंपाक करणारी माझी आई सगळ्यांत आधी तयार. मी म्हटलं, "आई, परदेश आहे तो. तुझे गुडघे बघ."

"गुडघ्यानं सैपाक करते का मी? तिथं घरोघरी मयत, अन् मी इथं कायले बसून राहू?"

झालं! तिला सांभाळायला म्हणून मलाही निघावं लागलं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं सीमा ओलांडून ट्रक, आणि मग डोंगरातलं एक गाव. गाव कसलं, दगडमातीचे ढीग. घरांचे दरवाजे तेवढे चौकटीसकट उभे, मागं काहीच नाही. मला रडू आवरेना. आई मात्र पदर खोचून चुलीसाठी दगड निवडायला लागली.

आमच्या शेजारी परदेशी डॉक्टरांचा तंबू होता. पलीकडं ढिगाऱ्यात वास घेणारी कुत्री आणि त्यांना पोरांसारखं जपणारी माणसं. कोण कुठल्या देशाचं, कोणाची भाषा काय, देव जाणे, पण दुपारी सगळे आमच्या रांगेत ताट घेऊन उभे. एक उंचापुरा गोरा डॉक्टर वाटीनं वरण प्यायचा. आई खूश. "हे पोरगं केवढं जेवते वो माय!" जगात इतकी चांगली माणसं आहेत आणि ती न बोलावता येतात, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं.

जेवायला न येणारा एकच. पांढऱ्या कपड्यांतला, डोकं भादरलेला, चाळिशीचा माणूस. त्याची बायको घराखाली सापडून गेली होती. तो दिवसभर एकटा दगड उचलून बाजूला रचत बसायचा आणि आमच्या चुलीकडं बघायचाही नाही. आईला ते कसं सहन व्हावं? ती वरण-भात कालवून थेट त्याच्यासमोर गेली आणि घास उचलला.

तो झटकन मागं सरला. दोन्ही हात असे आडवे धरले, की मला शिवू नका.

आईचा हात तसाच राहिला. मग ती वळली, येऊन चुलीपाशी बसली. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं, पण आईच्या लहानपणी गावात तिच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतायचे. ते ती कधी बोलत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "इतक्या दूर आली मी, तरी ओळखलंच त्यानं." मला असा संताप आला की त्याला जाऊन जाब विचारावा.

आमच्याकडं बटाटे सोलायला येणारी गावातली एक म्हातारी हे बघत होती. मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं समजावलं. सुतक आहे त्याला. बायकोचं क्रियाकर्म तोच करतोय. तेरावं होईस्तोवर दिवसातून एकदाच जेवायचं, तेही स्वतः रांधून, मिठाशिवाय. कोणी शिवायचं नाही. सख्ख्या बहिणीनंसुद्धा नाही.

आईनं चुलीजवळचा मिठाचा डबा उचलून बघितला. मग म्हणाली, "मीठ नाही? अन् दिवसभर दगड उचलते? मरते ना तो!"

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या पोत्यातले निवडलेले तांदूळ, थोडं तूप आणि दोन केळी पानावर ठेवून त्याच्या ढिगाऱ्याजवळच्या दगडावर नेऊन ठेवायची. ठेवून स्वतःच दहा पावलं मागं यायची. ज्या अंतराचा तिनं जन्मभर राग केला, ते ती त्याच्यासाठी आपणहून राखत होती. काय बाई आहे ही, असं मनात आलं आणि मला तिचा फार अभिमान वाटला. तो हात जोडायचा, तीही जोडायची. एकदा तो दगड उचलता उचलता मटकन खाली बसला. आई धावली, आणि त्या दहा पावलांवर येऊन थांबली. तिथूनच ओरडत राहिली, "ऊठ बापा, ऊठ." तो उठेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्याचं तेरावं झालं त्या दुपारी रांग नेहमीसारखीच होती. तो अंघोळ करून आला, रांगेत न थांबता सरळ आईसमोर येऊन मांडी घालून बसला. दिल्लीत काही वर्षं पहारेकरी होता, त्याला हिंदी चांगली यायची. म्हणाला, "माताजी, उस दिन वाला कौर." म्हणजे त्या दिवशीचा घास.

आईनं हात धुतले. वरण-भात कालवला, चिमूटभर मीठ जास्तीचं टाकलं, घास केला. त्यानं तोंड उघडलं. आईची बोटं त्याच्या ओठांना लागली आणि तो लहान पोरासारखा हुंदके देत चावत राहिला. गोरा डॉक्टर वाटी हातात धरून तसाच उभा.

घास गिळल्यावर आईनं विचारलं, "मीठ बराबर आहे ना रे?"

आईची मराठी त्याला कुठून कळणार? पण त्यानं पुन्हा तोंड उघडलं.