पोटदुखीचे अकरा अर्ज

गोपीनाथ कारकुनाला आपल्या अक्षराचा भारी गर्व. ठाण्याच्या बंबखान्यात रजेचा अर्ज म्हटला की माणसं त्याच्याच टेबलाशी यायची. कुणाचं काय झाकायचं हे त्याला न सांगता कळायचं. दारू पिऊन पडलेल्याला तो ताप आणायचा, सासुरवाडीला गेलेल्याला जुलाब.

सत्त्याऐंशी साली वागळे इस्टेटमधला एक रंगाचा कारखाना भरदुपारी पेटला. कोळीवाड्यातला फायरमन धाकू यानं तिघांना बाहेर काढलं. चौथा शटरमागे अडकलेला. तो आतून शटर बडवत होता, धाकू बाहेरून पहारीनं उचकटत होता. शटर उघडण्याआधीच आतला आवाज थांबला.

धाकूच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण महिन्याभरानं तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, माझ्या डोक्यात शटर वाजतंय. बंबाची घंटा झाली का हातपाय गळतात. रजा लिवा."

"शटर? अरे, असं लिहिलं तर वेडा ठरवून घरी बसवतील तुला. पोटदुखी लिहितो."

चार वर्षांत असे अकरा अर्ज झाले. सगळे कसे मोत्यासारखे.

एक्क्याण्णव साली एका कामावर, शिडीच्या मध्यावर, धाकूचे हात असे आवळले गेले की दोघांनी सोडवून त्याला खाली आणलं. साहेबांनी त्याला नोकरीस अपात्र ठरवलं. कामावर झालेली इजा म्हणून त्यानं नुकसानभरपाई मागितली, तेव्हा चौकशी अधिकाऱ्यानं अकराच्या अकरा अर्ज टेबलावर पसरले.

"पोटदुखीचा आणि आगीचा काय संबंध?" मग तो गोपीनाथकडे वळला. "अक्षर तुमचंच ना? याला दुसरा काही आजार होता?"

धाकू गोपीनाथकडे बघत होता. खरं सांगावं तर खोटे अर्ज लिहिल्याबद्दल स्वतःची नोकरी जाणार. गोपीनाथनं मान खाली घातली.

"अर्जात आहे तेच, साहेब."

दावा फेटाळला गेला. धाकूची बायको मंजुळा खोपटच्या डेपोबाहेर सुकट विकायला बसू लागली. ती दिसली की गोपीनाथ रस्ता बदलायचा. लाज वाटायची, दुसरं काय.

शहाण्णवमध्ये तो निवृत्त झाला आणि दुसऱ्याच सकाळी कोळीवाड्यात गेला. खिशात खरा जबाब होता. अपिलाची मुदत मात्र कधीच उलटून गेली होती.

"याचा आता काही उपयोग नाही, धाकू. तेव्हाच बोलायला हवं होतं मी." त्यानं कागद धाकूपुढे धरला.

धाकूनं हातातलं जाळं बाजूला ठेवलं. "चष्मा नाय माझ्याकडं. वाचून दावा."

गोपीनाथनं वाचलं, "धाकूच्या डोक्यात शटर वाजते. पहिल्याच दिवशी त्याने मला हे सांगितले होते. पोटदुखी मी लिहिली."

"हा, आता बराबर लिवलंय," धाकू म्हणाला. "थांबा, मंजुळा येईल. तिला पन वाचून दावा. तिला मी बी पोटदुखीच सांगितलेली. आजून रोज ओवा देते मला."