सहीपुरती शाळा

महिला राखीव जागा आली आणि आई सरपंच झाली. गाव मात्र ‘सरपंचसाहेब’ म्हणायचं ते बाबांना. खुर्चीही तेच उबवायचे. आई कधी शाळेत गेली नव्हती. सरपंचानं अंगठा लावायचा याची मलाच लाज वाटे, म्हणून सातवीतल्या मी तिला आठ दिवसांत सही शिकवली. पुढं वाचायला शिकवायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला.

मग ग्रामपंचायतीचं रजिस्टर घरीच येऊ लागलं. त्या साली कापसाला भाव नव्हता, अर्धं घर कापसानंच भरलेलं. आई वेचणीहून यायची, हात धुवायची आणि बाबा बोट ठेवतील तिथं सही करायची. एकदाच तिनं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

“काय लिहून हाय वो यात?”

मी गृहपाठात होते. “असंच असन काही. कर नं सही.”

तो देशी दारूच्या दुकानाला ना-हरकतीचा ठराव होता.

दुकान उघडलं आणि शेजारच्या काकूचा नवरा तिथंच पडून राहू लागला. एका सकाळी काकू आमच्या अंगणात आली. तिचा डोळा सुजून बंद झाला होता.

“तुह्या सहीनं आलं नं हे दुकान?”

“मले वाचता नाही येत, बाई.”

“मंग सही कायले केली?”

आईनं माझं नाव घेतलं नाही. मी दाराआड उभी होते आणि तिथंच उभी राहिले. काकूनं आमचं अंगण कायमचं सोडलं.

यंदा यवतमाळला माजी महिला सरपंचांचा सत्कार झाला. आईला घेऊन मीच गेले. भाषणांत तिला रणरागिणी वगैरे म्हणून झालं. शेवटी शाल-नारळ मिळाल्याची सही घ्यायला एकानं रजिस्टर पुढं केलं आणि बोट ठेवलं.

“इथं करा, आजी.”

आईनं पेन घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. “पहिले वाच.”

“शाल-नारळाचं हाय, आई.”

“सबन वाच. त्या दिवशीवानी नको करू.”

मागं रांग खोळंबली होती. पानावरच्या पहिल्या शब्दापासून मी वाचायला लागले, आणि आई माझ्या तोंडाकडं पाहत पेन धरून थांबली.