राक्षस रबराचा होता, पण व्हायोलिन खरं होतं

परवा वारज्यात कट्ट्यावर आम्हा म्हाताऱ्यांचा वाद पेटला... आयुष्यात पाहिलेला सगळ्यात भिकार सिनेमा कोणता? तिघांनी एकाच पिक्चरचं नाव घेतलं. तळ्यातून राक्षस निघतो, तो.

नाव सांगत नाही, कशाला उगाच. भिकार होता हे कबूल. पण त्याचं म्युझिक कोणी ऐकलंय का, विचारलं तर सगळे हसले. म्हणून लिहितोय. कट्ट्यावर पूर्ण बोलू देत नाहीत.

मी सातवी पास. बावीस वर्षं पेठेतल्या एका थेटरात डोअरकीपर होतो. हा पिक्चर आमच्याकडे मॅटिनीला लागला होता, एकच आठवडा. राक्षस रबराचा. पाठीवरची चेन बाल्कनीतून दिसायची. लोक पोट धरून हसायचे, आणि सोमवारपासून हसायलाही कोणी येईना.

एक गृहस्थ मात्र रोज यायचे. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट. मागच्या रांगेत बसायचे आणि डोळे मिटायचे. मला वाटलं, एसीत झोपायला येतात. असे बरेच असायचे तेव्हा.

गुरुवार शेवटचा दिवस. त्या दिवशी बायकोला घेऊन आले. इंटरव्हलला बाई मला ऐकू येईल अशा बोलल्या, "एवढ्यासाठी मला नारायण पेठेतून चालत आणलंत? हा बेडूक बघायला?"

गृहस्थ उठून माझ्याकडे आले. म्हणाले, "अहो, एक विनंती होती... शेवटची नावं चालू राहू द्याल का?"

आता हे समजून घ्या. तेव्हा पिक्चर संपला की नावं कोण बघतंय? राक्षस मेला की ऑपरेटर मशीन बंद करायचा, लाइट लावायचा आणि मी दारं उघडायचो. सगळ्या थेटरांत हेच.

ते व्हायोलिन वाजवायचे. मुंबईला रेकॉर्डिंगला जायचे, गाडीने. शेकडो गाण्यांत वाजवलेलं, पण साठ जणांत एक. त्यातलं माझं कुठलं, हे बायकोला कधी दाखवताच आलं नाही, म्हणाले. या पिक्चरमध्ये पहिल्यांदा एकट्याचं वाजवणं होतं... शेवटच्या नावांवर. आणि तेच आम्ही रोज कापत होतो.

कॅसेट निघाली नव्हती. पडलेल्या पिक्चरची कोण काढतो? उद्या पिक्चर उतरणार. शिवाय कीबोर्ड आले होते, एक माणूस एका मशीनवर साठ जणांचं काम करायचा. पुन्हा बोलावणं येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "मग सहा दिवस गप्प का बसलात?"

"लाज वाटली हो."

मला अशा माणसांचा राग येतो. तरी विचारलंच, "असल्या सिनेमाला एवढं जीव लावून कशाला वाजवायचं?"

तर म्हणाले, "वाजवताना आमची पडद्याकडे पाठ असते. पडदा फक्त कंडक्टरला दिसतो. आम्हाला वाटलं, राक्षस खरंच मोठा असेल."

मी सरळ वर केबिनमध्ये गेलो. ऑपरेटर दत्तू डबा खात होता. म्हणाला, "नावं चालवायची? मशीनच्या दिव्यात कार्बनची कांडी जळते, ती काय तुझा सासरा देणार? तीनच्या शोचं पब्लिक बाहेर उभंय."

मी म्हटलं, "तू बंद केलंस तर मी दारच उघडत नाही. मग ते पब्लिक तुझ्या नावाने शिमगा करेल, बघ."

दत्तूने मला शिवी दिली आणि मशीन चालू ठेवलं.

राक्षस मेला. हॉलमध्ये होते दहा-बारा जण, ते सवयीने उठले. मी कडीवर हात ठेवून म्हटलं, "बसा, अजून आहे." बाहेरून दारावर थापा चालू.

आधी साठ व्हायोलिन एकदम. फरशी हलल्यासारखी वाटली मला. मग सगळी थांबली आणि एकच उरलं. शिफ्ट सुटल्यावर माणूस सायकल हातात धरून पायी घरी निघतो ना, तसं चाललं होतं ते... दमलेलं, पण घाई नाही. मला त्या मेलेल्या राक्षसाची दया आली. रबराच्या!

उठलेले लोक उभेच राहिले. कोणी हसलं नाही.

बाई म्हणाल्या, "घरी असं कधी वाजवलं नाहीत हो."

"घरी तू कुकर लावतेस."

मग त्या माझ्याकडे वळल्या. बेडूक म्हणणारी बाई ती. डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊ, पुन्हा एकदा लावता येईल का हो?"

नाही म्हणावं लागलं. दारं उघडली आणि तीनचं पब्लिक आत घुसलं. उशीर झाला म्हणून मॅनेजरने झापलं, ते वेगळंच.

थेटर पडेपर्यंत तिथेच होतो. म्युझिक म्हणजे दार कधी उघडायचं याची खूण, एवढंच तोवर ठाऊक होतं मला. त्या गुरुवारनंतर मी ऐकायला लागलो... पडेल पिक्चरचं तर जास्तच. त्यातही कोणीतरी मनापासून राबलेलं असायचं. बहुतेक वेळा सापडायचं.

हे त्या गृहस्थांचे उपकार. पडद्यावर त्यांचं नाव आलं नव्हतं. गर्दीच्या गडबडीत मीही विचारलं नाही. तेवढं चुकलंच माझं.