आप्पासो गुळव्या आणि बिनतोंडाचा ज्वालामुखी

आप्पासो गुळव्या स्वतःच्या सावलीवरही चटकन विश्वास ठेवत नसे. मलकापूरच्या बाजूला लालासाहेबांच्या गुऱ्हाळावर तो मिसरूड फुटल्यापासून उसाचा रस आटवून गूळ करायच्या काहिलीपाशी उभा होता. रस निवळायला त्यात भेंडीचं पाणी टाकायचं, तेही तो लोकांकडे पाठ करून टाकी. चहाचा कप खाली ठेवला तर त्यावर बशी पालथी घाली. चुलाणात चिपाडं सारणारा केरू म्हणे, "आप्पा, झोपताना एक डोळा उघडा ठेवत असशील गड्या." त्यावर आप्पासो विचारी, "तुला कुणी सांगितलं?"

त्यात यंदा बाजारात बोलवा उठली, की आप्पासोचा गूळ पिवळाधमक दिसतो तो रसायनाच्या पावडरीनं. त्यानं जन्मात कधी पावडरीला हात लावला नव्हता. पण लालासाहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, हे बोलणं थांबलं नाही तर पुढच्या हंगामाला दुसरा गुळव्या बघावा लागेल. तेव्हापासून हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं, याच्याच मागावर तो होता. मुख्य संशय शेजारच्या गुऱ्हाळावरच्या दादासोवर होता. अधूनमधून केरूवरही.

अशात एका सकाळी स्कूटरवरून एक बाई आल्या. नाव प्रियंका, गावातल्या शाळेत भूगोल शिकवतात म्हणाल्या. रस आटताना बघायचाय, असं त्यांनी लालासाहेबांना सांगितलं आणि लालासाहेबांनी खुशाल बघा म्हटलं. मग बाईंनी पिशवीतून झाकणाचे तीन डबे काढले. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. एकात पातळ काकवी, दुसऱ्यात दाटसर आणि तिसऱ्यात काहील उतरवायच्या अगदी आधीचा पाक हवा होता.

आप्पासोनं डब्यांवरच्या चिठ्ठ्या निरखल्या. तो केरूच्या कानाशी लागला. "तपासणीची बाई हाय. भूगोल-बिगोल काय न्हाई."

मालकाचा शब्द मोडता येत नव्हता. त्यानं रस काढायचा डाव धुऊन, पुन्हा धुऊन डबे भरले आणि मध्येच कुणी त्यात काही टाकू नये म्हणून झाकणांवर हात ठेवून उभा राहिला.

बाईंनी मात्र डबे बंद करून नेले नाहीत. एक पत्रा मागितला, एका बाजूनं विटेवर टेकवला आणि पातळ काकवी ओतली. ती सरसर पसरत पार खालच्या कडेपर्यंत गेली. दुसरी अर्ध्यात रेंगाळली. पाक तर जिथं पडला तिथंच ढिगारा करून बसला, आणि आत अडकलेली वाफ पुटकन फुटून त्याचे शिंतोडे उडाले.

बाई खुश झाल्या. म्हणाल्या, पोरांना ज्वालामुखी शिकवायचाय. जमिनीच्या पोटात दगड वितळतो, वितळला की भोवतीच्या दगडापेक्षा हलका होतो, म्हणून वर चढतो आणि काहिलीत साठावा तसा साठतो. तिथून नळीसारख्या वाटेनं तोंडातून बाहेर पडतो. पातळ असला तर लांब पसरून पालथ्या परातीसारखा बसका डोंगर होतो. दाट असला तर आतला वायू कोंडून स्फोट होतो, आणि राख नि रसाचे थर तोंडाभोवती साचून उभा सुळका तयार होतो. आपल्याकडचा काळा दगडही कोट्यवधी वर्षांपूर्वी असाच रस होता.

आप्पासोला वाटलं, आता बाई खोटं बोलताना सापडली.

"मग त्याचं तोंड कुठं हाय? आमी तर कवा बघितलं न्हाई."

"एक तोंड नव्हतंच, मामा. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ रस आला आणि पसरला. थिजला की त्याच्यावर दुसरा. सह्याद्रीला पायऱ्या दिसतात ना, ते त्याचेच थर."

आप्पासो पत्र्यावर पसरलेल्या काकवीपाशी वाकला.

"तोंड नसताना एवढं पसरतंय व्हय?"

"भेगा असल्या की पसरतं."

त्याला बाजार आठवला. दादासो, केरू, अडत्याचा हमाल, चहावाला. एकेकाचं तोंड तो तपासत बसला होता.

तेवढ्यात बाईंनी पत्र्यावरचा ढिगारा बोटानं खरवडला आणि तोंडात घातला. मग दुसऱ्यांदाही.

आप्पासो चपापला. तपासणीचं माणूस नमुन्यावर शिक्का मारतं, नमुना खात नाही. बाईंनी ओतून झाल्यावर पुन्हा झाकणांवर ठेवलेला हात त्यानं आता कुठं काढला.

"बाई, पोरं किती हायती वर्गात?"

"चिक्कार. का हो?"

"समदी घिऊन या. काहिलीत काय पडतंय, काय न्हाई, ते हितं उभं राहून बघू द्या. भेंडी धुण्यापास्नं."

केरूच्या हातातली चिपाडं खाली पडली. लोकांकडे पाठ करून उभा राहणारा माणूस आख्खा वर्ग बोलावत होता. बाई गेल्यावर केरूनं कारण विचारलं.

"पोरं घरी जाऊन सांगत्यात," आप्पासो म्हणाला. "घराघरातनं सांगत्यात. मग पसरू दे की तेबी."

मग त्यानं बाईंनी पोरांसाठी मागं ठेवलेले तिन्ही डबे धुऊन पालथे घातले, उरलेल्या काकवीच्या घागरीवर ताट ठेवलं आणि ताटावर दगड. पोरं येणार होती, आणि पोरांच्या बोटांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.