दोन चाळीस ते तीन

देवाला सूचना द्यायची मला वाईट खोड आहे. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मी तयार माल तपासला. गेज लावायचं, नापास माल बाजूला काढायचा आणि ज्याने केला त्याला झापायचं. रिटायर झालो, कारखाना सुटला, झापणं काही सुटलं नाही. माझी प्रार्थना म्हणजे देवाच्या हातात दिलेली कामांची यादी. "प्रभू, उद्या अकराला प्लंबर येतोय, तो वेळेवर येऊ दे, आणि मागच्या वेळचा पाठवू नकोस." बायको शेजारी डोळे मिटून बसलेली असायची. एकदा आमेनच्या आधी हळूच म्हणाली, "अहो, त्याला पण थोडं काही ठरवू द्या."

मग तिच्या हृदयाची झडप बदलायची ठरली आणि माझ्यातला तपासनीस पार पिसाळला.

आमच्या चर्चच्या मंडळीत अशा वेळी प्रार्थनेची साखळी करतात. लोक दिवस वाटून घेतात, एकाची प्रार्थना संपली की दुसऱ्याची सुरू. एरवी पाळकसाहेब उपासनेनंतर नावं विचारतात आणि दोन मिनिटांत काम होतं. मी म्हटलं, छे, हे माझ्याकडे द्या. मी तक्ता केला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, वीस-वीस मिनिटं, छत्तीस माणसं. वर नियम टाकला: प्रार्थना संपली की पुढच्याला फोन करायचा, आणि आधीच्याचा फोन आल्याशिवाय कुणी सुरू करायचं नाही. साखळी तुटता कामा नये! हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरात टाकलं होतं. पाळकसाहेब तक्ता बघून एवढंच म्हणाले, "काका, जेवायची सुट्टी ठेवलीत ना?"

चारकोपला आमच्या समोरच्या दारात मालवणच्या वहिनी राहतात. त्यांना कळलं तशा आल्या. "माका पण एक टाईम द्या. मी आमच्या गावच्या देवाक, रवळनाथाक सांगतंय." मी म्हटलं, वहिनी, तक्ता भरला. तो भरला होता हे खरं, पण भरला नसता तरी मी काहीतरी कारण काढलं असतं. "एवढे लोक देवाक हाका मारतत, माझी एक जास्त झाली तर काय बिघडतला?" त्या म्हणाल्या.

सर्जनला मी विचारलं होतं, झडप बदलायला थांबवलेलं हृदय पुन्हा नेमकं किती वाजता सुरू होणार? "काका, असं घड्याळावर सांगता येत नाही," तो म्हणाला. मी तरीही गणित मांडलं आणि सगळ्यात महत्त्वाची वेळ, दोन चाळीस ते तीन, स्वतःला घेतली. एवढं नाजूक काम दुसऱ्या कुणावर कसं सोडणार?

ऑपरेशनच्या दिवशी अंधेरीच्या हॉस्पिटलात ती स्ट्रेचरवर होती आणि मी तिचा हात धरून तिला तक्ता समजावत होतो. ती म्हणाली, "मी सगळं त्याच्यावर सोडलंय. तुम्ही पण सोडा. निदान हात तरी सोडा, स्ट्रेचर अडलंय."

मी हात सोडला आणि फोन धरला. सकाळभर लोकांना फोन. झाली का प्रार्थना? पूर्ण वीस मिनिटं केली ना? एकीने सांगितलं की तिने पोळ्या लाटता लाटता केली. तिला मी झापलं. साक्षात प्रार्थना करणाऱ्या बाईला!

दोन चाळीसला आधीच्याचा फोन आला, तो घेऊन मी फोन गप्प केला, बाकावर ताठ बसलो, डोळे मिटले. "हे प्रभू, आता दोन चाळीस झाले आहेत," एवढं म्हटलेलं आठवतं.

जाग आली तेव्हा तीन पस्तीस झाले होते.

फोनवर चौदा कॉल येऊन गेलेले. माझ्यानंतर एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, नियमाच्या पक्क्या. माझा फोन नाही म्हणून त्यांनी सुरुवात केली नव्हती, त्यांचा नाही म्हणून पुढच्याने. सगळी साखळी माझ्यापाशी तुटून पडली होती. बाकावर माझ्या शेजारी मालवणच्या वहिनी मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. "इतके गाढ झोपलात, उठवूक जीव झालो नाय," त्या म्हणाल्या.

आत ती होती आणि माझी ड्युटी चुकली होती. ती गेली तर माझ्यामुळे गेली, असं मला अगदी खरंखुरं वाटलं. तिच्याशिवाय घरात साखरेचा डबा कुठे असतो तेही मला माहीत नाही. मी कसाबसा पुटपुटलो, "प्रभू, माझी ड्युटी चुकली, तू तुझी चुकवू नकोस." लगेच लक्षात आलं, च्यायला, ही पण सूचनाच! प्रभूच्या प्रार्थनेतली 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ मी लहानपणापासून म्हणतोय, पण तिच्यावरून घाईघाईने पुढच्या, रोजची भाकर मागायच्या ओळीवर जायचो. त्या दिवशी पुढे जाता येईना. "बरं," मी म्हटलं, "आत आहे ती तुझीच आहे. माझं काही चालत नाही. तू ठरव." आणि वहिनींच्या समोर रडलो, चांगला हुंदके देऊन.

रडणं थांबल्यावर छातीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. आतली काहीच बातमी नव्हती, तरीही. मला भूक लागली. वहिनींनी डबा उघडला आणि मी चार घावने खाल्ले. साखळीतल्या कुणालाही फोन केला नाही.

चारनंतर सर्जन बाहेर आला. झडप बसली होती. हृदय कधी सुरू झालं, मी विचारलं, जुनी खोड. "तीनच्या पाच-दहा मिनिटं आधी," तो म्हणाला.

आठवड्याने वॉर्डात बायकोजवळ मी सगळं कबूल केलं. ती हसायला लागली. छातीचे टाके दुखू नयेत म्हणून तिने उशी घट्ट कवटाळली. "म्हणजे तेवढा वेळ त्याला कुणी शिकवायला नव्हतं," ती म्हणाली. "तरीच नीट झालं."

मग म्हणाली, चला, प्रार्थना करा. मी सुरू केलं, "प्रभू, उद्या दहाला ड्रेसिंग आहे..." तिने एक डोळा उघडला. मी थांबलो. पुढे काही सुचेना, आणि सुचायला हवं असंही वाटेना. "आमेन," म्हटलं, आणि तिचा हात धरून बसून राहिलो.