वरचं पान

कोणी सह्यांचा कागद पुढे केला की मी आधी सगळी पानं उलटून बघते, मग आणणाऱ्याचं तोंड बघते. लोक हसतात. हसू देत.

एकेकाळी सह्यांवर माझा फार विश्वास होता. गास गावाच्या रस्त्यावरचा आमचा बसथांबा बंद होणार होता, तो आम्ही सह्या गोळा करूनच वाचवला. त्यामुळे वाडीमागचं बावखल, म्हणजे ज्या तळ्याच्या पाण्यावर आमची केळी नि फुलझाडं जगतात ते, बुजवणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा मी लगेच कागद आखायला बसले. शाळेतली सवय. ‘बावखल बुजवू नका’ ही मागणी पहिल्या पानावर, पुढच्या पानांवर नुसते रकाने, नाव आणि सही. दर पानावर तेच तेच कशाला लिहायचं, हा माझा शहाणपणा.

रविवारी मिस्सा सुटल्यावर मी चर्चच्या दारात उभी राहिले. पहिली सही माझीच केली. मग रांग लागली. "टीचर, कुठे करू?" एवढंच सगळे विचारत होते. वाचलं कोणीच नाही, आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटला.

अडले ते फक्त माझे वडील.

"कोऱ्या कागदाव मी सई करनार नाय, पोरी. पान्याचा मामला हाय."

चारचौघांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग तुमचा वेगळा अर्ज लिहा," मी फणकारले. त्यांनी खरंच लिहिला, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि स्वतः तहसील कचेरीत जाऊन, देऊन, पोच घेऊन आले.

आमचा गठ्ठा एका शेजाऱ्याने मागून घेतला. "तुम्हाला शाळा असते, मी देतो नेऊन." त्याची जमीन बावखलाला लागून आहे हे मला ठाऊक होतं. तरी दिला.

सुनावणीत साहेबांनी फाइल उघडली. वरचं पान भलतंच होतं. डास फार झालेत, बावखल बुजवून रस्ता करावा. त्याखाली टाचलेले माझे रकाने. पान बदललंय, असं मी ओरडून सांगितलं. साहेबांनी पुरावा मागितला. माझ्याकडे ना प्रत, ना पोच. शेजारी म्हणाला, दिलं तसंच मी नेलं. आजही तेच म्हणतो.

"बाजूने अख्खं गाव," साहेब म्हणाले, "विरोधात हा एकच अर्ज." त्यांनी वडिलांकडे बघितलं, मग सह्यांचं पान माझ्यापुढे सरकवलं. "पहिली सही तुमचीच ना?"

वडील माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले.