पॅडवरचा शालू

“बेन, शनिवारे मालक जोवा आवशे. चार्जिंग ना थाय तो पॅड काढी नाखजो,” मिलचे मॅनेजरसाहेब फोनवर म्हणाले. म्हणजे मालकांसमोर चार्जिंग झालं नाही, तर माझं तीन वर्षांचं काम फरशीसकट उखडायचं.

मी वायरलेस चार्जिंगची इंजिनिअर. सुरतेतल्या एका साडी मिलच्या आवारात आम्ही पहिलं पॅड बसवलं होतं. पॅड म्हणजे जमिनीत पुरलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. तसंच दुसरं मिलच्या कामगारांना ने-आण करणाऱ्या बसच्या पोटाखाली. बस बरोबर वर उभी राहिली की प्लग न लावता वीज वर जाते. शिफ्ट बदलताना वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात पुढच्या फेऱ्यांची सोय होते. मध्ये धातू आला तर तो तापतो, म्हणून सेन्सर लगेच चार्जिंग बंद करतो.

आमचा सेन्सर रोज ‘मेटल’ म्हणून ओरडत होता. मी धावत जायची, तर पॅड लख्ख आणि चार्जिंग सुरळीत. पाठ फिरवली की पुन्हा बंद. मी सेन्सर बदलला, बोर्ड बदललं, शेवटी स्वतःच्या नशिबालाही बोल लावला.

शनिवारी तासभर आधीच पोचले आणि कॅन्टीनच्या दारात चहा घेत उभी राहिले. बसचे ड्रायव्हर हिंमतभाऊ, सुरतेतल्याच नवागाम वस्तीतले, मूळ धुळ्याकडचे. त्यांनी पॅड झाडलं, पिशवीतून लाल कापड काढलं, पॅडवर नीट अंथरलं आणि त्यावर बस आणून उभी केली. दोन मिनिटांत ‘मेटल’.

“भाऊ, हे काय?”

ते ओशाळले. “तुमीनच सांगेल व्हतं ना ताई, कापड आडं येस नही म्हनीसन. नवी वस्तूवर धूळ नको. तुमी येतस तवय उचली लेस.”

ट्रेनिंगमध्ये मीच ऐटीत सांगितलं होतं, कापड असो की पाणी, काही फरक पडत नाही. कापड उचललं. काठाला खरी जर, म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. त्यांच्या बायकोच्या लग्नातल्या शालूचा पदर होता तो. मला भरून आलं. ऑफिसात माझ्या मशीनवर कुणी साधं फडकंही टाकलं नव्हतं.

मालक आले. मी काहीच लपवलं नाही. पदर ठेवला, चार्जिंग बंद. काढला, चालू.

मालक साड्यांतले जुने जाणकार. त्यांनी काठ बोटांत चोळून पाहिला. मग खिशातला रुमाल काढला, त्याला खोट्या जरीचा, नुसत्या प्लास्टिकचा काठ होता. तो पॅडवर टाकला. चार्जिंग चालूच.

“असली जरी ओळखे छे!” ते हसत सुटले. “बीजा बे पॅड नाखी दो.” उखडणं राहिलं बाजूला, आणखी दोन पॅड बसवायची ऑर्डर मिळाली.

हिंमतभाऊंना मी बिनकाठाचं सुती कापड आणून दिलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

“चालई,” ते म्हणाले, “पन शोभा नही.”

तेव्हापासून बिघाड झाला की मी आधी ड्रायव्हरला विचारते, मग लॉग उघडते. लॉगमध्ये शालू दिसत नाही.